एकच व्यक्ती असल्याबाबत

आमचा सकाळचा चहा गेली काही वर्षं परदेशात होतो. कप तेच, डोंबिवलीची गॅलरी तीच, समोरच्या इमारतीतल्या बाईंची वाळत घातलेली गोधडीही तीच, पण हे बोलत असतात थायलंडचं नाहीतर पोर्तुगालचं. मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरतात आणि मला वाचून दाखवतात. "अगं ऐक, पन्नाशी उलटलेल्या निवृत्त माणसाला तिथे वर्षभर राहू देतात. दर तीन महिन्यांनी फक्त पत्ता कळवायचा." पुढच्या आठवड्यात पोर्तुगाल. पेन्शन येत असेल तर या म्हणतात, समुद्र आहे, ऊन आहे, मासे आहेत. मी गवार मोडत असते. मी म्हणते, "समुद्र नाही पण खाडी आहे. ऊन तर आहेच. मासे बुधवारी दारात येतात. तुमचा व्हिसा मंजूर!" हे हसत नाहीत. ज्या माणसाने एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत पस्तीस वर्षं नाकाला रुमाल लावून काढली, त्याला स्वच्छ हवेच्या गावाची स्वप्नं पडणारच. हे मला कळतं, आणि कळतं म्हणूनच चिडचिड होते.

खरं सांगायचं तर ऐकता ऐकता मीही जायचे. दुपारी जरा पाठ टेकली की एक रस्ता दिसायचा, कधी न पाहिलेला. पांढरी बुटकी घरं, उतार, उताराच्या टोकाला निळं पाणी. मी हातात कापडी पिशवी घेऊन चाललेय आणि मला कोणीही ओळखत नाही. कोणाची सून नाही, कोणाची काकू नाही, सोसायटीच्या मीटिंगला का आला नाहीत म्हणून विचारणारं कोणी नाही. एका दारात कुणीतरी बाई उभी असते आणि ती मला नावाने हाक मारते. माझ्या पहिल्या नावाने. तिथे नेहमी जाग यायची.

पहिलं नाव म्हणजे माहेरचं. दोन अक्षरी होतं. इथे लिहीत नाही, कारण पुढे जी भानगड झाली तिच्यानंतर कागदावर नाव लिहायचीच मला धास्ती बसलीय. सासरचं चार अक्षरी. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात माझं नवीन नाव काढलं. शेवटचं अक्षर मावेना, ते ताटाच्या कडेला चिकटून कसंबसं बसलं. सगळ्या बायका हसल्या. मी वाकून वाचलं आणि मला वाटलं, छान आहे, कुणाचं आहे? मग सासूबाईंनी ते तांदूळ गोळा केले, आणि चार दिवसांत त्यांचा भातही झाला असेल. गंमत म्हणजे ज्या माणसाने ते नाव ठेवलं, त्याने त्रेचाळीस वर्षांत एकदाही मला त्या नावाने हाक मारली नाही. सगळा संसार 'अगं' वर निभावला!

पहिल्या नावाने हाक मारणारा आता जगात एकच माणूस उरलाय. माझा दादा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कळव्याला राहतो. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याला. मी आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाते, डबा देते, त्याच्याशी भांडते आणि परत येते.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. ती अकरा वर्षं कॅनडात आहे. तिची मुलगी चार वर्षांची. ह्या नातीला आम्ही म्हणजे मोबाईलच्या काचेवरची दोन नाकं. लेक म्हणाली, "आई, पुरे झालं आता. सुपर व्हिसा काढा. आई-वडिलांसाठी असतो. एकदा आलात की सलग पाच वर्षं राहता येतं." ह्यांनी थायलंड आणि पोर्तुगाल त्याच मिनिटाला बंद केलं. मुलीकडे राहायचं आणि व्हिसाचं नावही सुपर, माणसाला आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशी चहा कॅनडात झाला. त्या दुपारी माझ्या स्वप्नातला रस्ताही बदलला. उतारावर बर्फ होतं, आणि मी खाली बसून एका लहान मुलीच्या केसांची वेणी घालत होते. केस इतके मऊ की पेड सुटून जायचे. मी पुन्हा घालायचे, ते पुन्हा सुटायचे. मला जायचं होतं हो. मनापासून जायचं होतं.

व्हिसाचं काम करणारी मुलगी स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसते. ऑफिसभर तुपाचा वास. तिने सगळे कागद टेबलावर मांडले, लेक-जावयाचं पत्र, विम्याचे कागद, आमचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला, आणि एक एक बाजूला सारत गेली. दाखल्यावर आल्यावर थांबली. पुन्हा पासपोर्ट बघितला. मग फार गोड आवाजात म्हणाली, "काकू, पेपरवर तुम्ही तिच्या आई नाही आहात."

मला वाटलं चेष्टा करतेय. तिने बोट ठेवून दाखवलं. पासपोर्टवर मी चार अक्षरी. लेकीच्या दाखल्यावर आईचं नाव दोन अक्षरी. बाई वेगळी! एवढी वर्षं तो दाखला आमच्या कपाटात होता आणि कुणी म्हणून कुणी ती ओळ वाचली नव्हती. लेकीचं शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळं होऊन गेलं, माझ्याशी जुळवून बघायची वेळच आली नाही. आता घोडं अडलं ते इथे. ती म्हणाली, लग्नानंतर नाव बदलल्याचा काही कागद आहे का? कसला कागद? तांदळाचा कागद कोण करून ठेवतं? "मग ॲफिडेव्हिट लागेल," ती म्हणाली. "जन्माच्या वेळी हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं."

जन्माच्या वेळी कोण हजर होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच ती. ठाण्याच्या दवाखान्यात आई माझ्याजवळ आत, आणि बाहेर बाकड्यावर दादा. फॉर्म भरायला बाई आली तेव्हा तोच बसला होता. ही करणी त्याचीच. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझ्या दादाने चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलेली गोष्ट आज आपल्या बोकांडी बसली." मी म्हटलं, "त्याने केलं तोच निस्तरेल. एक सही तर आहे."

एक सही! एका मंगळवारी दुपारी मी ठाण्याला उतरले, दादा कळव्याहून रिक्षाने आला, आणि आम्ही कोर्ट नाक्यावर एका वकिलांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिलो. डोक्यावर निळं प्लॅस्टिक, टेबलावर लॅपटॉप, बाजूला शिक्क्यांचा डबा. मजकूर व्हिसावाल्या मुलीने आधीच पाठवला होता. वकिलांनी स्टॅम्प पेपरवर छापून दादापुढे सरकवला. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की खालील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती माझी सख्खी बहीण आहे.' खाली दोन नावं, एकाखाली एक. दादाने चष्मा बदलला. ओठ हलवत सगळं वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

वकील म्हणाले, "आजोबा, फक्त सही करायची असते. ह्यात खरंखोटं काही नाही."

"मग वर सत्यप्रतिज्ञा कशाला लिहिलीत?" दादा म्हणाला. "मी जन्मात खोटी शपथ घेतली नाही. ही पहिली आहे ना, दोन अक्षरांची, ती माझी बहीण. ती चिंचा चोरायची. दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची, खाडीच्या बांधावरून घातली की पार तिवरांच्या झाडीत ऐकू यायची. आणि ह्या दुसऱ्या बाई, ह्या मला आठवड्याला डबा देतात. चांगल्या आहेत. पण दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतात. गाडी चुकेल, ह्यांचा चहा राहील. ह्या कोण आहेत मला माहीत नाही. एकच आहेत असं कसं लिहून देऊ?"

मला असा संताप आला! शेजारच्या टेबलावरची माणसंही बघायला लागली होती. मी दात-ओठ खात म्हटलं, "दादा, भर रस्त्यात तमाशा नको. चूक तुझी आहे. दवाखान्यात तू चुकीचं नाव लिहून दिलंस."

"चूक नव्हती ती," तो म्हणाला. "त्या बाईने मला विचारलं, बाळाच्या आईचं नाव काय. आत जी ओरडत होती ती माझी बहीण होती. मी तिचं नाव सांगितलं. तुझ्या नवऱ्याने तांदळात काय काढलं होतं त्याच्याशी मला काय करायचंय?" आणि छत्री काखोटीला मारून तो चालायला लागला.

रिक्षा नाही, काही नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून तेल मागवून घेतो, तो कळव्याच्या पुलाकडे ताडताड निघाला. मी फाईल छातीशी धरून मागे. वकील मागून ओरडले, "ताई, मी पाचपर्यंत आहे!" मी मनातल्या मनात दादाला नाही नाही ते बोलले. हट्टी, विक्षिप्त, उंटावरचा शहाणा. नात तिकडे मोठी होतेय, आणि हा इथे शीळ घेऊन बसलाय.

पुलावर चढले आणि वारा लागला. खाली खाडी. भरतीचं पाणी चढत होतं. भरती आवाज करत येत नाही, हे खाडीकाठी वाढलेल्या माणसालाच माहीत असतं. चिखल असतो, बघता बघता चकाकायला लागतो, आणि मग तो चिखल नसतोच. बाजूला जुना पूल, पलीकडे तिवरांची हिरवी रांग, आता किती बारीक झालीय ती. बस जात होत्या, हॉर्न वाजत होते, आणि मला ते हळूहळू ऐकू येईनासे झाले.

लहानपणी आम्ही बांधाजवळच राहायचो. दादा शाळेतून आला की दप्तर फेकून तिवरांत. निवटे पकडायचे, चिखलातून टणाटण उड्या मारणारे ते बोटभर मासे. कंबरेपर्यंत चिखल, आणि निवट्यापुढे त्याला जगाची शुद्ध नसायची. पाणी कधी मागून चढतंय ते त्याला कळायचंच नाही. म्हणून मी बांधावर. मी आठ वर्षांची, नऊ वर्षांची. पाणी चकाकलं की मी शीळ घालायची आणि तो यायचा. मुलीच्या जातीने शीळ घालू नये, असं आई सारखी बजावायची. पण भरतीची वेळ झाली की तीच पदराला हात पुसत दारात यायची आणि हळूच म्हणायची, "जा गं, घाल." दादाला स्वतःला शीळ कधीच जमली नाही. त्याची नुसती हवा जायची. मी त्याला खूप शिकवलं, बोटं धरून शिकवलं, फुस्स. मी हसून लोळायचे.

एकदा तो आलाच नाही. मी घालतेय, घालतेय, ओठ फुटले, पाणी बांधाला लागलं. अंधारून आलं होतं. मग खूप वेळाने तिवरं हलली आणि एक काळा पुतळा बाहेर आला, पाय कुठेतरी रुतला होता म्हणाला. घरी कुणालाच सांगितलं नाही. त्याने मला त्याच्या वाटणीचे सगळे निवटे दिले, आणि मी ते घेतले.

पुलाच्या मध्यावर दादा थांबला होता. कठड्याला टेकून, धापा टाकत. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"घाल," तो म्हणाला.

"काय?"

"शीळ. ओळख पटवायची ना? घाल, मी सही करतो."

"वेड लागलंय का तुला? मी सदुसष्ट वर्षांची बाई. पुढचे दोन दात डॉक्टरचे आहेत."

"मग राहिलं," तो म्हणाला आणि पाण्याकडे बघत बसला.

मी आजूबाजूला पाहिलं. पदर खांद्यावरून घट्ट घेतला. दोन बोटं तोंडात घातली. फुस्स. नुसती हवा, थोडी थुंकी. दादाने मान वळवली नाही. पुन्हा, फुस्स. तिसऱ्यांदा जीभ मागे कुठेतरी गेली, तिची तिलाच जागा आठवली असावी, आणि एक बारीक सूर आला. चिरका. मला माझंच हसू फुटलं. मग मी पोटातून श्वास घेतला आणि घातली. पूर्ण. पाण्यावरून ती पलीकडे गेली. एक मोटारसायकलवाला मागे वळून बघत पुढे गेला. आणि दादाची मान एका बाजूला कलली, अगदी तशी, चिखलात उभ्या असलेल्या मुलाची कलायची तशी. त्याने माझं नाव घेतलं. हळूच. मग म्हणाला, "चल, पाच वाजतील."

वकील टेबल आवरत होते. दादाने सही केली, एक एक अक्षर कोरून. शिक्का बसला. मी कागद फाईलमध्ये घातला, आणि माझी लेक पुन्हा माझी झाली. रिक्षाची वाट बघत आम्ही कोपऱ्यावर उभे होतो. मी म्हटलं, "एवढ्याशा सहीसाठी किती छळलंस रे. काय मिळालं तुला?"

दादा छत्रीच्या टोकाने रस्त्यावर काहीतरी रेघोट्या ओढत होता. म्हणाला, "काही नाही गं. मला आपलं वाटलेलं, तुम्ही दोघी असत्या तर बरं झालं असतं. एक गेली असती लेकीकडे. एक राहिली असती इथे."

रिक्षा आली. तो बसला आणि गेला. मी फाईल घेऊन तिथेच उभी. डोळे पुसायला रुमालही सापडेना.

अर्ज भरताना एक रकाना होता. किती काळ राहायचा विचार आहे? ह्यांनी पाच वर्षं सांगितली होती, व्हिसावाल्या मुलीने तशी टाइपही केली होती. मी म्हटलं, "सहा महिने लिही." हे खुर्चीतून उठलेच. "अगं, पाच वर्षं मिळतायत आणि सहा महिने? सुपर व्हिसा कशाला मग?" मी म्हटलं, "पाच वर्षं राहता येतं म्हणतात. राहायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" मुलगी हसली, म्हणाली, काकू बरोबर आहे, हा व्हिसा बरीच वर्षं चालतो, येऊन जाऊन राहता येतं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "म्हणजे बर्फ बघून परत." मी म्हटलं, "बर्फ बघून परत. पुन्हा बर्फाला जाऊ." त्यांनी मोबाईल लांब धरला आणि तिथल्या हवामानाचं वाचायला लागले. रागावले होते, पण वाचत होते मला ऐकू येईल असं.

व्हिसा झाला. बॅगा भरल्या. निघायच्या आदल्या आठवड्यात मी दादाकडे गेले, तेल दिलं, डबा दिला, घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं होतं. आम्ही सहा महिन्यांबद्दल काहीच बोललो नाही. विमानतळावर येऊ नकोस म्हटलं, तर म्हणाला, "मी कशाला येतोय? मला कामं आहेत." कसली कामं, देव जाणे.

विमान दुपारचं होतं. सामान गेलं, तपासणी झाली. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि चार अक्षरी नाव मोठ्याने वाचलं. मी हो म्हटलं. खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजला. दादा. मी म्हटलं, "काय रे?" पलीकडून काहीच नाही. मी म्हटलं, "दादा? ऐकू येतंय का?"

मग कानात नुसती हवा आली. फुस्स. थांबला, पुन्हा एकदा, फुस्स. सत्तरी ओलांडलेला माणूस कळव्याच्या घरात एकटाच दोन बोटं तोंडात घालून उभा होता, आणि त्याला अजूनही जमत नव्हती.

मी म्हटलं, "ऐकली रे. येते मी."